वाचता न आलेला दगड

उलव्यात पत्ता आकड्यांत सांगतात. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, मजला बारावा. मी मूळची साताऱ्याकडची. नऊ वर्षांपूर्वी इथे राहायला आले तेव्हा या गावाला वेस नाही, ओढा नाही, म्हसोबाचा दगड नाही, याचं नवल वाटायचं. होतं सगळं, ते नंतर कळलं. आम्ही ज्याच्या नावाने लाइटबिल भरतो ते मूळ उलवे विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. तिथली टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचं पात्र वळवलं. दुपारी सुरुंग उडाले की आमच्या कपाटातले कप किणकिणायचे. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. कप आता वेगळ्या कारणाने किणकिणतात.

बाल्कनीतून पश्चिमेला पाहिलं की न्हाव्याच्या पलीकडे पाण्यात दोन उंचवट्यांचं एक बेट दिसतं. घारापुरी. सरळ रेषेत इथून जेमतेम दहा किलोमीटर. तरी नऊ वर्षांत मी तिथे एकदाच गेले होते, तेही मानेमागून हात फिरवून घास घ्यावा तसं. बेटाकडे पाठ करून मुंबईला जायचं, गेटवेवर रांग लावायची आणि तासाभराच्या लाँचने पुन्हा आपल्याच दिशेला यायचं. सोबत पाहुणे होते. त्रिमूर्तीपुढे फोटो, माकडाने पळवलेलं वेफर्सचं पाकीट, परत. असं पाहणं म्हणजे बेट पाहणं नव्हे, हे तेव्हाही कळत होतं.

आमच्या गेटवर मासळी घेऊन येणाऱ्या ताईंना मी हे सांगितलं तर त्या पापलेटांवर पाणी शिंपडता शिंपडता हसल्या. "गेटवेवरनं कशाला? आमी लहानपनापासून न्हाव्यावरनं जातो. शिवरात्रीला होऱ्या सुटतात. या आमच्यासंगती. सासूबाय पन येनार हान." होऱ्या म्हणजे होड्या, आगरी बोलीत ड चा र होतो, ळ चा ल. सासूबाई धवलारीण आहेत, म्हणजे लग्नाचे विधी गाऊन लावणाऱ्या, हेही त्यांनी सहज, सुटे पैसे मोजता मोजता सांगितलं. मी पैसे हातात तसेच धरून उभी राहिले.

कारण गेलं वर्षभर मला या बेटाचं एक वेड लागलं होतं. घारापुरीवर कुणी कुणी काय लिहिलंय ते गोळा करत होते. लेणी कोणत्या शैलीची, खांब किती, हे नव्हे. त्याची पुस्तकं ढिगाने आहेत. मला बेटाच्या गोष्टी हव्या होत्या. आणि त्या शोधताना एक मजेशीर अडचण समोर आली. इतकं मोठं लेणं, त्यात इतकी शिल्पं, पण ते कुणी कोरलं, कधी कोरलं, कुणाच्या पैशाने कोरलं, हे सांगणारी एक ओळ तिथे नाही. कार्ल्याच्या, नाशिकच्या, कान्हेरीच्या लेण्यांत दात्यांची नावं सापडतात, अमक्याने खांब दिला, तमक्याने पाण्याचं टाकं दिलं. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात दगड मुका.

मुका नव्हता, असं एकजण सांगून गेलाय. दियोगु दु कोतु हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज बखरकार. त्याने लिहून ठेवलंय की लेण्याच्या दारावर ठसठशीत, सुबक अक्षरांत कोरलेली एक शिळा होती. गुजरातच्या बहादुरशाहकडून १५३४मध्ये वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला, त्यात हे बेटही आलं. त्यांनी ती शिळा काढली. गव्हर्नराने हिंदूंना विचारलं, मुसलमानांना विचारलं. कुणालाच अक्षरं लागेनात. मग शिळा गेली पोर्तुगालला, तिसऱ्या जुआंव राजाकडे. राजानेही खटपट करून पाहिली. कुणाला वाचता आली नाही, आणि पुढे तिचा पत्ताही उरला नाही. कोतुने हे लिहिलं तेव्हाच ती नाहीशी झालेली होती.

लिस्बनमधल्या एखाद्या भिंतीत ती पालथी बसवलेली असेल, अशी माझी एक खुळी समजूत आहे. आपल्याकडे वीरगळ असे किती तरी पायऱ्यांत गेलेत.

तर महाशिवरात्रीला सकाळी निघालो. गव्हाणमार्गे न्हाव्याला जाताना रस्त्याच्या कडेला अजून थोडं खाजण शिल्लक आहे, तिवरं आहेत. हा सगळा पट्टा मिठागरांचा आणि खारजमिनीच्या भाताचा. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आगरी लोकांची एक उत्पत्तिकथा देतं (पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं). अगस्ती ऋषींना आगला आणि मांगला असे दोन मुलगे. अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला आणि परत सोडला तेव्हा तो खारट झाला. मग त्यांनी आगलाला सांगितलं, तू मीठ पिकव. मांगलाला सांगितलं, तू जाळी विण. आगलाचे झाले आगरी, मांगलाचे मांगेले. समुद्र खारा का, आणि मीठ पिकवायचा हक्क कुणाचा, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत दिलंय. सातबाऱ्यापेक्षा जुना पुरावा. पुढे १९८४च्या जानेवारीत याच भागातले शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र पुढे आलं. आमच्या इमारतीच्या कागदांवरही हे "साडेबारा टक्के" आहेत. कथा वेगळी, वाद तोच.

न्हावा, शेवा, करंजा ही सगळी एकेकाळची बेटं. मधल्या खाड्या गाळाने, बांधांनी आणि भरावाने बुजल्या आणि बेटं जमिनीला चिकटली. घारापुरीच तेवढी सुटी राहिली.

बंदरावर आमच्या होडीचा तांडेल पाण्याकडे बघत उभा होता. साडेनऊ वाजलेले. पाणी चढत होतं. "साडेदहाला पुरी भरती," तो म्हणाला. मोबाइलवर पाहिलं का, असं मी विचारल्यावर त्याने मला हिशेब शिकवला. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, निघेल तो भरतीचा वाजवा. आज चवदस. चौदाचे पाऊणपट साडेदहा. त्याच्या पुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे साडेचारला पाणी तळाला जाणार, त्याच्या बरंच आधी परतायचं, नाही तर न्हाव्याला चिखलातून गुडघाभर चालायचं. घड्याळ थोडं पुढे-मागे होतं, पण होडीला तेवढं चालतं. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला त्याला जमाना झाला. इथे तो अजून कामावर आहे.

सगळ्यांनी केशरी जॅकेटं चढवली. डिसेंबर २०२४मध्ये एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर त्याबाबत कुणी कुरकुर करत नाही. सासूबाईंनी मात्र जॅकेट नऊवारीवर घालून घेतलं आणि बंद सुनेकडून लावून घेताना म्हणाल्या, "लगनातला शेला बरा होता." वय पंचाहत्तरच्या आसपास. नाकात मोठी नथ नाही, कपाळावर कुंकू ठसठशीत, दात दोनच. माझं नाव लिहायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं, म्हणून इथे त्या नुसत्या आजी.

होडी निघाली. एका अंगाला बंदराच्या निळ्या-लाल क्रेन. दक्षिणेकडे धुरकट द्रोणागिरी दिसत होता. आजींनी हात जोडले. हनुमान लक्ष्मणासाठी पर्वत घेऊन चालला होता, त्याचा एक तुकडा इथे उरणला पडला, तो हा. अशी कथा असलेले डोंगर देशभर आहेत. त्या सगळ्यांची बेरीज केली तर हनुमानाच्या हातात लंकेपर्यंत काही उरलं असेल का, असं मी म्हणाले. आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हनून तर त्याला परत जावाला लागला ना." हे रामायणाच्या कुठल्या प्रतीत आहे ते मला विचारू नका.

शेतबंदराला उतरलो. बेटावर गावं तीन, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही नावांत बंदर आहे, यावरूनच इथल्या माणसांचं तोंड कुठे होतं ते कळतं. समोर मुंबईचा झगमगाट असताना या बेटावर वीज आली ती २०१८च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. शिवरात्रीला इथला नूर वेगळा असतो. गेटवेचे पर्यटक एका रांगेत, आणि उरण-पनवेलच्या गावांतून आलेली माणसं तांब्यात पाणी, पिशवीत बेल आणि डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन दुसऱ्या रांगेत. या दुसऱ्या रांगेतल्या कुणाच्याही तोंडी मी दिवसभरात "एलिफंटा" हा शब्द ऐकला नाही.

तो शब्द हत्तीचा. दक्षिणेच्या बाजूला राजबंदरच्या जुन्या उतारापाशी काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं. सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी एक दगडी घोडाही पाहिल्याचं लिहिलंय. घोडा कुठे गेला कुणास ठाऊक. हत्तीची मान १८१४मध्ये गळून पडली. पुढे १८६४च्या सुमारास इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणून भायखळ्याच्या राणीच्या बागेत १९१४मध्ये पुन्हा जोडले. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी तो उभा आहे. शाळेच्या सहली जिवंत प्राणी बघायला जाताना त्याच्या बाजूनेच जातात.

पण हत्ती या बेटाच्या साहित्यात पोर्तुगीजांच्या नऊशे वर्षं आधीच येऊन गेलाय, आणि ही मला सापडलेली सगळ्यांत आवडती गोष्ट. कर्नाटकातल्या ऐहोळेला मेगुती देवळाच्या भिंतीवर रविकीर्ती या जैन कवीची संस्कृत प्रशस्ती आहे, इसवी सन ६३४ची. नायक चालुक्य दुसरा पुलकेशी. त्यात कोकणच्या मौर्यांचा पराभव येतो आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरी नावाच्या नगरीवर शेकडो जहाजांनी केलेला हल्ला येतो. त्या जहाजांना कवीने उपमा दिलीय मदाने झिंगलेल्या हत्तींच्या रांगांची. पुढे शिलाहारांच्या लेखांतही उत्तर कोकणच्या १४०० गावांची प्रमुख म्हणून पुरीच येते. ही पुरी म्हणजे घारापुरी, असं अनेकांनी मानलंय. काही अभ्यासक मुरुडजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर मी उलव्याची, म्हणजे पक्षपाती.

पायऱ्या चढताना आजी तीनदा बसल्या. तिसऱ्यांदा बसल्या तिथे माकडाने एका मुलाच्या हातातला बेल ओढून नेला, हुंगला आणि फेकून दिला.

मोठं लेणं आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ घेतं. बाहेर माघाचं ऊन, आत गारवा आणि ओल्या दगडाचा वास. आज त्यात उदबत्तीही होती. एरवी पुरातत्त्व खात्याच्या या वास्तूत कुणी पूजा करताना दिसत नाही. आज पश्चिमेच्या अंगाच्या गाभाऱ्याला, जिथे चारही दिशांना दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन-दोन द्वारपाल, तिथे माणसांची रीघ होती. लिंगावर पाणी, बेल, पुन्हा पाणी. १९८७पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रांगेत माझ्या पुढे असलेल्या बाईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला मुलीच्या बारावीचं पडलं होतं.

त्रिमूर्तीपाशी मी थांबले नाही फार. तिच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलं गेलंय की त्यात भर घालायची माझी प्राज्ञा नाही. एवढंच सांगते, की ती ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे. तो पंचमुखी सदाशिव आहे, दिसतात तीन मुखं. आणि इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, १८७५मध्ये मुंबईला आला तेव्हा याच सभामंडपात टेबलं मांडून त्याला मेजवानी दिली होती. वाढप्यांची काय तारांबळ उडाली असेल, या खडबडीत फरशीवर.

मला पाहायची होती ती गोष्टींची जागा. दारावरची शिळा गेल्यावर जे रिकामं झालं तिथे ज्याने त्याने आपली गोष्ट आणून बसवली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याच्याकडे एकेकाळी मुंबई बेटच भाडेपट्ट्याने होतं. गोव्यात १५६३मध्ये छापलेल्या त्याच्या वनौषधींच्या पुस्तकात मध्येच हे लेणं येतं. बेटाला तो "पोरी" म्हणतो, म्हणजे पुरीच. आणि सांगतो की हे चिनी लोकांनी केलं असावं असं काही जण म्हणतात. गावकरी म्हणत आले की पांडवांनी एका रात्रीत कोरलं. यात काही नवल नाही, महाराष्ट्रात धनी नसलेलं प्रत्येक लेणं पांडवांच्या नावावर असतं. अलीकडचे अभ्यासक कलचुरी कृष्णराजाचं नाव घेतात, कारण त्याची तांब्याची नाणी बेटावर सापडली आणि शिल्पांचा काळही सहाव्या शतकाच्या मध्याशी जुळतो. हे पटण्यासारखं आहे. पण नाणं म्हणजे गोष्ट नव्हे.

गोष्ट कोतुकडे आहे. त्याला इथे कुणी तरी सांगितलं, की बाणासुर नावाच्या राजाने हे बांधवलं आणि त्याची मुलगी उषा इथे आजन्म कुमारिका राहिली. आणि बाणासुराच्या काळात एकदा या बेटावर तीन तास सोन्याचा पाऊस पडला.

भागवत वाचलेला कुणीही इथे अडखळेल. उषा आणि कुमारिका? तिची गोष्ट उलटी आहे. बापाने तिला वाड्यात बंद ठेवली, तिच्या स्वप्नात एक तरुण आला, मैत्रीण चित्रलेखेने एकेकाची चित्रं काढून दाखवली आणि त्यातून तो कृष्णाचा नातू अनिरुद्ध निघाला. चित्रलेखेने त्याला उचलून आणला, बापाने कैद केला, कृष्ण सैन्य घेऊन आला. बाणासुराच्या बाजूने कोण उभा राहिला? शंकर. तो त्याच्या नगराचा राखणदारच होता. शेवट लग्नात. शंकराचं हे लेणं बाणासुराचं का झालं, हे त्यात आहे. पण लग्न कुठे गेलं? मला वाटतं, सांगणाऱ्याने मुलगी कोंडली तिथवर सांगितलं आणि ऐकणाऱ्याची होडी सुटायची वेळ झाली. ओहोटीला कोण थांबतं?

आजींना घेऊन मी कल्याणसुंदर शिल्पापुढे गेले, ते शंकर-पार्वतीचं लग्न. गुडघ्यांखाली बहुतेक मूर्ती फुटलेल्या. पार्वती मान किंचित कलती करून उभी. तिच्या मागे बाप हिमवान, तिला पुढे करणारा. पाण्याचा घडा घेतलेला चंद्र. दुसऱ्या अंगाला होमापाशी बसलेला ब्रह्मदेव, त्याच्यामागे विष्णू. मी काही सांगण्याआधीच आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "लगीन आजून लागलेलं नाय."

कशावरून?

"नवरी उजवीकरं हाय."

मूर्तिशास्त्राच्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं, की पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला आहे, म्हणजे विधी पुरा व्हायचाय, झाल्यावर ती डावीकडे येईल. पुस्तकाला तिथे यायला एक परिच्छेद लागतो. आजी बराच वेळ शिल्प तपासत होत्या, मांडवात सामान मांडून झालंय का ते पाहावं तशा. शेवटी ब्रह्मदेवाकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो बामन हाय. न धवलारीन कुठं हाय?"

मी वर उडणाऱ्या गंधर्वांकडे हात केला. त्यांना ते पटलं नाही. धवलारीण मांडवात बसते, उडत नाही.

आगरी लग्नात पूर्वी भटजी नसायचाच. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधी धवलारीण गाऊन लावायची. तांदूळ निवडण्याचा धवला वेगळा, तेल-हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा. गाणं थांबलं तर विधी थांबला. आता भटजी येतो, डीजेही येतो, तरी उरण-पनवेलच्या गावांत हळदीला धवलारिणीला अजून मान आहे. आणि शब्द पाहा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो त्या महानुभाव पंथाच्या महदंबेने तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी जे रचले त्यांचंही नाव धवळे. रुक्मिणीच्या स्वयंवराची लग्नगीतं. विद्यापीठात तो प्राचीन मराठी वाङ्मयाचा पेपर असतो. खाडीच्या कडेला ळ चा ल होऊन तो धवला झाला आणि बायकांच्या गळ्यात राहिला. एका शब्दाची ही दोन बिऱ्हाडं एकमेकांकडे फारशी जात-येत नाहीत.

गाऊन दाखवाल का, असं मी विचारून पाहिलं. आजींनी कानाला हात लावला. "मांडवाबिगर धवला गात नाय." आणि पुढे, जरा सौम्यपणे, "तू काय, मोबाइलात घेशील. मग कोनी लगनाबिगर वाजवील."

दुपारी मोराबंदरच्या ओळखीच्या एका घराच्या पडवीत बसलो. रताळ्याच्या फोडी आणि लिंबाचं सरबत. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा एक जुना स्तूप आहे, म्हणजे शंकराच्या आधी इथे बुद्धही येऊन गेला. दुसऱ्या टेकडीवर तोफा. दोन्हीकडे जायचे माझे पाय राहिले नव्हते. मी पिशवीतून ओक्ताव्हियो पाझ काढला. मेक्सिकोचा कवी, १९९०चा नोबेल विजेता. १९६२ ते ६८ तो भारतात राजदूत होता. ६८च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या म्हणून त्याने पद सोडलं, आणि भारत सोडण्याआधी एका रविवारी तो या बेटावर आला. त्याच्या छोट्या कवितेचा पहिला भाग म्हणजे लेण्यात खाऊन कचरा टाकून जाणाऱ्यांना दिलेले सणसणीत शाप आहेत. दुसऱ्यात तो शिव-पार्वतीला हाक घालतो. मी ताईंना पहिल्या भागाचा मतलब सांगितला. त्यांनी पडवीपुढे वाऱ्याने आलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. "परदेशी मानूस न आपल्यासारखाच बोल्ला," त्या म्हणाल्या आणि उठून पिशव्या गोळा केल्या.

तीनच्या आत होडीत बसलो. पाणी बरंच उतरलेलं. आजी दमल्या होत्या, पण त्यांच्या मनात माझा प्रश्न घोळत असावा. गाणार नाही, पण लग्नाच्या आधी कोणाकोणाला आवतण असतं ते नुसतं सांगते, म्हणाल्या. चाल न लावता. त्यात काही वावगं नाही.

त्यांनी बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवला. आधी घरातले देव. मग गावदेवी. मग कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा. मग घारापुरीचा महादेव. मग द्रोणागिरी. प्रत्येक नावाला एक पेर. मग त्या ज्या गावात नांदायला आल्या त्या गावाचे देव सुरू झाले, आणि ते गाव विमानतळाच्या दहांपैकी एक. तळ्याकाठचा. आंब्याखालचा. टेकडीच्या पायथ्याचा. वेशीवरचा. या जागा आता नाहीत, तळं बुजलंय, टेकडी गेलीय. काही देवांना नव्या वसाहतीत टाइल्स लावलेली देवळं मिळालीत. आजी त्यांना जुन्याच जागी हाक मारत होत्या. मी वहीत लिहून घेत होते. सुरुंगांनी आमचे कप हलवले त्या टेकडीच्या पायथ्याला कोण बसलेला होता, हे मला नऊ वर्षांनी कळत होतं.

दुसऱ्या हाताची पेरं सुरू झाली होती. तेवढ्यात विमान आलं, उतरणीला लागलेलं, इतकं खाली की पोटावरची अक्षरं दिसली. आजी थांबल्या. तांडेलही वर बघायला लागला. आवाज जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

"मग? वेशीवरच्याच्या पुढं कोण?" मी पेन टेकवून विचारलं.

आजींनी अंगठा पेरावरून उचलला होता. "मदनंच नाय घेता येत, बाय. पयलेपासून घेवाला लागतं."

त्यांनी पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवला आणि घरातल्या देवांपासून पुन्हा सुरुवात केली. एकवीरेपर्यंत आल्या तोवर होडीचा तळ न्हाव्याच्या चिखलाला लागला, आणि तांडेल ओरडायला लागला, उतरा लवकर, पाणी चाललंय.